नुसतं पाणी फिरवणं म्हणजे सायकलिंग नव्हे: नवा फिश टँक मासे सोडण्याआधी तयार करताना

"महिनाभर फिल्टर चालू ठेवला होता, पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, तरी मासे आठवड्यात गेले." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उलट एकच प्रश्न विचारतो: त्या महिन्यात टँकमध्ये अमोनिया किती घातलात? समोरून उत्तर येत नाही, कारण घातलेलाच नसतो.

चूक तिथेच होते. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. बॅक्टेरियांचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणी बदललं की ते कमी होतं. हे दोन्ही गट टँकमध्ये पुरेसे वाढवणं, म्हणजे टँक सायकल करणं. त्यांना वाढायला खाणं लागतं, आणि त्यांचं खाणं अमोनिया. नुसतं पाणी महिनाभर फिरवलंत तर मोटार फिरली, बॅक्टेरिया उपाशीच राहिले. आणि पाणी स्वच्छ दिसतं याचा इथे काहीच उपयोग नाही. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्हींना रंग नसतो.

माझा पहिला टँक मी एका दुकानदाराच्या सल्ल्याने तिसऱ्या दिवशी भरला होता. आठ गप्पी. सहाव्या दिवशी सगळे वर तोंड करून हवा गिळत होते आणि मी त्यांना भूक लागली असेल म्हणून आणखी खाणं टाकत होतो. पुढचं सांगत नाही.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. पुण्यात बरेच जण दिवाळीत पाहुणे यायच्या आत टँकमध्ये मासे हवेत म्हणून धनत्रयोदशीच्या आठवड्यात टँक आणतात. गणपती बसतात त्या दिवशी पाणी भरा, दिवाळीपर्यंत जवळपास आठ आठवडे मिळतात. एखादी गडबड झाली तरी तेवढ्यात निस्तरता येते.

## १. सामान: काय घ्यायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत

खाली सगळीकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा टँक धरलाय, कारण पुण्यात पहिला टँक बहुतेकांचा हाच असतो. काचेच्या मापाने तो ५६-५७ लिटरचा, पण खडे घातल्यावर आणि वर थोडी जागा सोडल्यावर प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास पाणी बसतं. तुमचं माप वेगळं असेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. हा आकडा कागदावर लिहून टँकच्या मागे चिकटवा. पुढे प्रत्येक डोसला तो लागणार आहे.

फिल्टर: एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर या टँकला पुरतो. टॉप फिल्टर किंवा मागे लटकणारा घेतलात तर आतल्या जाळीत स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरा. दर महिन्याला फेकायची 'कार्ट्रिज' असलेला घेऊ नका. बॅक्टेरिया त्या स्पंजावरच राहतात, आणि तुम्ही दर महिन्याला त्यांचंच घर कचऱ्यात टाकणार.

थेंबांची टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा). टँकपेक्षा किट महाग वाटते, खरं आहे. पण किटशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे. कागदी पट्ट्या घेणार असाल तर डबीवर नीट बघा, बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो.

नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात पूड टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तीच ही वस्तू. पण कल्हईचा नवसागर टँकला नको, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध प्रतीची लहान बाटली मागा. एक बाटली तुम्हाला आणि तुमच्या नातवंडांना पुरेल. अमोनिया असलेलं फरशी किंवा काच पुसायचं द्रावण वापरू नका, त्यात साबण आणि सुगंध असतो.

हीटर आणि थर्मामीटर. "पुण्यात हीटर कशाला?" असं दुकानातही म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो तेव्हा खोलीतल्या टँकचं पाणीही २० च्या खाली जातं, आणि बॅक्टेरिया सुस्तावतात. ५० ते १०० वॉटचा आपोआप बंद होणारा हीटर घ्या.

याशिवाय अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढणारे थेंब), दोन नव्या बादल्या, सायफनसाठी दोन मीटर नळी आणि एक वही. बादल्या नव्याच हव्यात. कपड्याच्या बादलीला साबण कायमचा चिकटलेला असतो.

बाटलीतले बॅक्टेरिया घ्यावेत का? चांगले असले तर आठ-दहा दिवस वाचवतात. पण मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलेली बाटली आली तर आत जिवंत काही असेलच याची खात्री नाही. मुदत बघून घ्या, आणि घातली म्हणून टेस्ट बंद करू नका.

## २. जागा, गळती, धुणं

पाणी, काच, खडे धरून हा टँक सत्तर किलोच्या घरात जातो. टीव्हीच्या युनिटवर ठेवायचा विचार असेल तर त्यावर एखाद्या मोठ्या माणसाला बसवून बघा, मग ठरवा. खाली थर्माकोलची शीट घाला आणि चारही कोपरे एका पातळीत आहेत ना ते बघा. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पाणी तापतं आणि काच हिरवी होते.

आणखी एक: एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे त्या खोलीतून आत्ताच हलवा. त्यातली औषधं माशांना फार विषारी असतात आणि ती सवय मासे आल्यावर मोडत नाही.

टँक साध्या पाण्याने भरून २४ तास ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरा, ओलं झालं की गळती कुठे ते लगेच कळतं. मग तो रिकामा करा.

खडे बादलीत घालून हाताने घुसळत धुवा. पाणी चहासारखं निघेल. दहा-बारा बादल्या जातात, तेव्हा पुण्यात पाणी बंद असतं त्या गुरुवारी हे काम काढू नका. साबण नाही, लिक्विड नाही, फिनेल नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट सांगून ठेवा. माझ्या एका मित्राच्या टँकचे खडे मावशींनी मोठ्या प्रेमाने भांड्याच्या साबणाने घासून ठेवले होते.

तपासा: चार-पाच खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले तर ते चुनखडीचे किंवा संगमरवराचे आहेत, क्षार सोडून पाणी कडक करत राहतील. बदलून आणा.

## ३. पाणी: पुण्यात कुठलं वापरायचं

खडकवासल्याकडून येणारं महापालिकेचं पाणी बोअरच्या मानाने मऊ असतं. बॅक्टेरियांना आणि बहुतेक माशांना ते चालतं, फक्त त्यातला क्लोरीन काढायला हवा. क्लोरीन पाण्यात घालतात तोच मुळी बॅक्टेरिया मारायला, तेव्हा तो राहू दिला तर तुम्ही एका हाताने वाढवणार आणि दुसऱ्याने मारणार. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने अँटी-क्लोरीन घाला. बादल्या २४ तास उघड्या ठेवूनही साधा क्लोरीन उडून जातो, पण मी थेंबच वापरतो. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येऊ लागलं की नळाला जास्त वास येतो, त्या दिवसांत बादलीवर विसंबू नका.

बाणेर, वाघोली, उंड्री अशा भागांतल्या सोसायट्यांमध्ये नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं. आज एक, उद्या दुसरं. वॉचमनला विचारा कुठलं पाणी कधी येतं. कडक पाणी सायकलिंगला वाईट नाही, उलट पीएच स्थिर राहतो. बदलत राहणारं पाणी मात्र मासे आल्यावर त्रास देतं.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं आरओ पाणी? नको. हा हमखास होणारा घोटाळा आहे: "माशांना शुद्ध पाणी दिलं" म्हणून अभिमानाने सांगतात. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातले कार्बोनेट क्षार ते शोषून घेतात. आरओमध्ये ते क्षारच जवळपास नसतात. पीएच घसरतो आणि सहाच्या आसपास आला की बॅक्टेरिया काम थांबवतात.

तपासा: टँकमध्ये घालण्याआधी तुमच्या नळाच्या पाण्याच्या चारही टेस्ट करा आणि वहीत पहिल्या पानावर लिहा. बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट सापडू शकतं. हा आकडा माहीत नसेल तर चौथ्या दिवशी नायट्रेट बघून "सायकल झाली!" म्हणून नाचाल.

## ४. चोवीस तास नुसतं चालवा

खडे पसरा, त्यावर ताट ठेवून ताटावर पाणी ओता म्हणजे खड्डा पडत नाही. अँटी-क्लोरीन घाला, फिल्टर सुरू करा, हीटर पाण्यात बुडवून १५ मिनिटांनी चालू करा. २७-२८ अंश ठेवा. वायर सॉकेटपर्यंत जाताना खाली झोका घेऊन वर जाऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही.

दिवा बंद ठेवा. झाडं नसतील तर दिव्याचा फायदा फक्त शेवाळाला. झाडं लावायची असतील तर अनुबिआस, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया आत्ताच लावा आणि रोज सहा तास दिवा द्या. झाडंही थोडा अमोनिया खातात, त्यामुळे पुढचे आकडे जरा वेगळे दिसतील.

इशारा: मासे नसलेला टँक म्हणजे साचलेलं पाणी. वरचा थर हलत नसेल तर डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत घरात डास होतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी अळ्या शोधत सोसायट्यांतून फिरतात, सापडल्या तर नोटीस मिळते. एअर पंप रात्री "आवाज येतो" म्हणून बंद करू नका, आणि वर झाकण किंवा बारीक जाळी ठेवा. पंपाचा आवाज खुपत असेल तर त्याखाली जुन्या पायपुसण्याची घडी ठेवा. आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर हवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

## ५. पहिला डोस

द्रावण एकदाच करून ठेवा: १० ग्रॅम नवसागर, अर्धा लिटर पाणी. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो, वाटी मात्र प्लास्टिकची आणि नंतर स्वयंपाकात न वापरायची घ्या. बाटलीवर मोठ्या अक्षरात "टँकचं औषध, पिऊ नये" लिहा आणि ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

या द्रावणाचा हिशेब सोपा आहे: दर १० लिटरला ३ मिली घातलं की अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. आपल्या ५० लिटरला १५ मिली. औषधाची सुई नसलेली सिरिंज वापरा.

घाला, तासभर पाणी फिरू द्या, मग अमोनिया टेस्ट करा. दोनच्या आसपास यायला हवा. चार आला तर तुमचा लिटरचा हिशेब चुकलाय, थोडं पाणी बदला. "जास्त खाणं, जास्त बॅक्टेरिया" असं इथे होत नाही. पाचच्या वर अमोनिया गेला की उलट वाढ रखडते.

नवसागर मिळालाच नाही तर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू द्यायचं, हाही मार्ग आहे. चालतो, पण अमोनिया किती झाला त्यावर तुमचा ताबा राहत नाही, तळाला बुरशी धरते आणि वेळ जास्त जातो. कोळंबीचा तुकडा टाकायचा सल्लाही मिळेल. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुजकी कोळंबी, तुमचं तुम्ही बघा.

आमच्याकडे आई आठवडाभर हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, मासे नाहीत आणि रोज औषध कुणाला पाजतोस?" मी म्हटलं, "विरजण लावलंय." तिला लगेच पटलं. ते विरजणासारखंच आहे: उबेला ठेवायचं, सारखं ढवळून बघायचं नाही, आणि ओळखीतल्या कुणाकडून थोडं मिळालं तर फार लवकर लागतं.

हे विरजण खरंच मिळतं. कुणाचा वर्षभर नीट चाललेला टँक असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा मागा. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणा आणि थेट आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. कोथरूडहून हडपसरला संध्याकाळी निघालात तर पिशवीत अर्धी हवा ठेवा आणि वाटेत चहाला थांबू नका. नळाखाली धुऊन आणू नका. त्या टँकमधले मासे आजारी असतील तर तुकडा घेऊच नका, आणि गोगलगायी फुकट येतील हे गृहीत धरा. दुकानातल्या टँकचं बाटलीभर पाणी आणून मात्र काही होत नाही, बॅक्टेरिया पाण्यात नाही, स्पंजावर असतात.

## ६. पहिला पल्ला: अमोनिया उतरेपर्यंत

दर दोन दिवसांनी अमोनिया तपासा, पाचव्या दिवसापासून नायट्राइटही. टेस्ट दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदासमोर बघा. पिवळ्या एलईडीखाली पिवळा आणि पोपटी सारखेच दिसतात.

पहिला आठवडा बहुतेकदा काहीच हलत नाही. अमोनिया दोनला खिळलेला. इथे लोक घाबरून आणखी डोस घालतात. नका घालू. अमोनिया एकच्या खाली उतरेल तेव्हाच पुन्हा दोनवर न्या.

आठव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान कधीतरी नायट्राइटच्या नळीत आकाशी रंगाऐवजी जांभळट छटा दिसते. पहिला गट कामाला लागला. यानंतर अमोनिया झपाट्याने उतरू लागतो, आणि काही दिवसांत घातलेला डोस दुसऱ्या दिवशी शून्य होतो.

इशारा: अमोनिया शून्य झाला म्हणजे टँक तयार नाही. बहुतेक मासे याच टप्प्यावर मरतात, कारण अर्धवट किटमध्ये अमोनियाचीच टेस्ट असते. या घडीला पाण्यात नायट्राइट सगळ्यात जास्त असतं. ते माशांच्या रक्तात ऑक्सिजन वाहू देत नाही, कल्ले तपकिरी पडतात.

## ७. दुसरा पल्ला: नायट्राइट, आणि संयमाची परीक्षा

हा भाग लांबतो. दोन आठवडे, कधी तीन. दुसरा गट हळू वाढतो, त्याला काही इलाज नाही.

इथे एक हिशेब कुणी सांगत नाही. अमोनियाच्या १ पीपीएममधून अडीच पीपीएमहून थोडं जास्त नायट्राइट तयार होतं. म्हणजे तुमच्या दोनच्या एकाच डोसमधून पाचाच्या वर, आणि बऱ्याच किटचा रंगतक्ता पाचलाच संपतो. त्यामुळे रोज पूर्ण डोस घालत राहिलात तर नायट्राइट तक्त्याबाहेर जातं आणि ते वाढतंय की उतरतंय हेच कळत नाही. खूण सांगतो: पाच मिनिटं थांबायचीही गरज पडत नाही, थेंब नळीत पडतानाच तळाशी गर्द जांभळी धार उतरते. तसं दिसलं की तुम्ही तक्त्याबाहेर आहात.

म्हणून या टप्प्यात डोस अर्धा करा, ५० लिटरला ७-८ मिली, आणि तोही तीन दिवसांतून एकदा. पहिल्या गटाला जगवण्यापुरतं एवढं पुरतं. रंग तक्त्याबाहेर गेला तर निम्मं पाणी बदला. बॅक्टेरिया स्पंजाला आणि खड्यांना चिकटलेले असतात, पाणी बदलल्याने ते जात नाहीत. नेमका आकडा हवा असेल तर एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग प्युरिफायरचं पाणी मिसळून टेस्ट करा आणि उत्तराला पाचाने गुणा. आरओचा टँकला एवढाच उपयोग.

नायट्रेटच्या आकड्यावर या दिवसांत विश्वास ठेवू नका. ती टेस्ट नायट्रेटचं आधी नायट्राइट करूनच मोजते, त्यामुळे पाण्यात नायट्राइट भरपूर असलं की तीही लालभडक दाखवते. शिवाय नायट्रेटची दुसरी बाटली जोरजोरात हलवली नाही तर तळाची भुकटी मिसळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. अर्धा मिनिट हलवा म्हटलंय तर घड्याळ लावून अर्धा मिनिट.

पीएच मात्र दर तीन दिवसांनी बघाच. दोन पीपीएमचा प्रत्येक डोस पचताना केएच, म्हणजे कार्बोनेट कडकपणा, ०.६ अंशाने खाली येतो. धरणाच्या मऊ पाण्यात पाच-सहा डोसांनंतर साठा संपत येतो आणि एक दिवस सगळं ठप्प होतं.

### अडलं तर, या क्रमाने बघा

पीएच साडेसहाच्या खाली आहे का? ५० लिटरला अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, साधारण ३ ग्रॅम, कपभर पाण्यात विरघळवून घाला. केएच दोन अंशांनी वाढतो. खायचा सोडा म्हणजे खायचाच, बेकिंग पावडर नाही आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नाही.

पाणी २४ अंशांच्या खाली आहे का? हीटरचा दिवा लागतोय ना बघा.

फिल्टरमधून धार नीट येते का? स्पंजावर पांढरट चिकट थर आला असेल तर टँकच्याच पाण्यात एकदा हलकेच पिळा.

कुणी अँटी-क्लोरीनशिवाय पाणी घातलं का? बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी घरातलं कुणीतरी तांब्याने भरतं, "दोनच तांबे घातले" म्हणून.

आणि गुरुवारी काय झालं? दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असेल तर फिल्टरमधल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यात असल्याने तो तग धरतो, बंद डब्याचा कॅनिस्टर मात्र काही तासांत आत सडू लागतो. वीज लांबली तर त्यातला स्पंज आणि रिंग काढून टँकच्या पाण्यात ठेवा, आणि वीज आल्यावर डब्यात साचलेलं पाणी ओतून देऊनच तो पुन्हा जोडा.

नायट्राइट हळूहळू उतरेल असं वाटतं, पण ते तसं येत नाही. माझ्या वहीत सलग सोळा दिवस "जांभळं" लिहिलंय, सतराव्या दिवशी "निळं". एका रात्रीत.

## ८. अंतिम परीक्षा

पूर्ण डोस घाला, १५ मिली. तासाभराने अमोनिया दोन आहे याची खात्री करा. बरोबर २४ तासांनी दोन्ही टेस्ट करा.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. हे लागोपाठ तीन दिवस जमलं पाहिजे, रोज नवा पूर्ण डोस घालून. नायट्राइट ०.२५ दिसलं तर नापास, आणखी चार दिवस. "जवळपास शून्य" असा आकडा नसतो.

## ९. मोठा पाणी बदल, मग मासे

इतक्या दिवसांत प्रत्येक पूर्ण डोसमागे सुमारे ७ पीपीएम नायट्रेट साठलंय. दहा डोस घातले असतील तर सत्तर. ७०-८० टक्के पाणी बदला आणि नायट्रेट वीसच्या आसपास आणा. हीटर आधी बंद करा आणि १५ मिनिटं थांबा, गरम हीटर उघडा पडला की काच तडकते. नवं पाणी अँटी-क्लोरीन घालून, टँकच्या तापमानाला आणून मगच ओता.

दिवस नीट निवडा. गुरुवारी पाणी बंद, आणि "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" हे तर पुणेकरांना पाठच असतं. बंदनंतर येणारं पहिलं पाणी कधीकधी गढूळही असतं. मी रविवार सकाळ धरतो: पाणी बदल सकाळी, मासे संध्याकाळी.

मासे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडायचे. मासे आठवड्याने येणार असतील तर तोवर एक दिवसाआड अर्धा डोस चालू ठेवा आणि मोठा पाणी बदल मासे आणायच्या दिवशी करा. सगळं करून शेवटच्या आठवड्यात बॅक्टेरियांना उपाशी ठेवणारेही भेटतात.

पहिली तुकडी: सहा झेब्रा डॅनिओ, किंवा सहा नर गप्पी. गोल्डफिश दोन फुटी टँकमध्ये नको, तो वाढतोही फार आणि घाणही फार करतो. निऑन टेट्रा दोन-तीन महिन्यांनी.

पिशवी न उघडता २० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी पिशवीत घाला, चार-पाच वेळा. मासे जाळीने उचलून सोडा, दुकानातलं पाणी बेसिनमध्ये ओता. त्या रात्री दिवा बंद, खाणं नाही.

## १०. पहिला महिना

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट. काहीही शून्याच्या वर दिसलं तर त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला आणि खाणं निम्मं करा. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. डबा उंचावर ठेवा. प्रत्येक पाहुण्याच्या मुलाला मासे उपाशी वाटतात.

नंतर दर आठवड्याला २०-२५ टक्के पाणी बदल. आपल्याकडे रविवारी टँक पूर्ण रिकामा करून, खडे, फिल्टर, काच सगळं घासून "चकाचक" करायची पद्धत आहे. त्या एका सकाळी सहा आठवड्यांची कमाई गटारात जाते आणि सोमवारपासून टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यातच, तीन-चारदा पिळायचा. तो तपकिरी राहिला पाहिजे. पिळलेलं पाणी कुंडीतल्या मोगऱ्याला घाला.